पंगतीतली सहावी बाई

"माझं नाक एवढं मोठं नाही," माई म्हणाल्या.

त्यांनी स्वतःला चिमटीत धरलं होतं. म्हणजे मी केलेल्या त्यांच्या बाहुलीला. बाहुली माझ्या अंगठ्याएवढी, मांडी घालून जेवायला बसलेली. माई तिला खिडकीच्या उजेडात नेऊन कधी समोरून, कधी बाजूनं न्याहाळत होत्या. बाजूनं पाहिलं तर बोलायला जागाच नव्हती, नाक दोघींचं सारखंच होतं.

"फोटोवरून केलंय, माई," मी म्हटलं. "फोटोत जरा मोठं येतं."

"फोटोत येतं ना, मग तू कमी करायचंस. कलाकार म्हणवतेस की."

माझी आई चहाचा कप घेऊन दारातच थबकली होती. ही बाहुली करू नकोस म्हणून ती मला आठवडाभर सांगत होती, आणि आता तिच्या चेहऱ्यावर तेच सगळं पुन्हा लिहिलेलं होतं.

पंधरा वर्षं होऊन गेली या गोष्टीला. आमच्या कुंदामावशीचं लग्न ठरलं होतं. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, वय सेहेचाळीस, कराडच्या एसटी स्टँडवर चौकशी खिडकीत नोकरी, आणि राहायला पहिल्यापासून आमच्याच घरी. नवरदेव दिनकरराव शेणोलीकर उंब्रजचे. त्यांची बायको वासंती सहा वर्षांपूर्वी गेली. आईवडील त्याही आधी गेलेले. घरात ते आणि वासंतीची आई, म्हणजे या माई. लेक गेल्यावरही जावयानं सासूला कुठं जाऊ दिलं नव्हतं आणि सासूही कुठं गेली नव्हती.

मावशी म्हणत होती, या वयात रुखवत कसलं मांडता. आई म्हणाली, लग्न म्हणजे लग्न, आणि रुखवत तर माझ्या पोरीच्या हातचं आहे, बाहेरून आणायचंय का काही. मी तेव्हा पॉलिमर क्लेच्या नादाला लागले होते. पुण्याहून रंगीत मातीच्या वड्या आणायच्या, मऊ होईपर्यंत मळायच्या, सुईनं आणि टूथपिकनं बारीक बारीक बाहुल्या घडवायच्या आणि ओव्हनमध्ये मंद आचेवर भाजून पक्क्या करायच्या. घरात मला 'आमची कुंभारीण' म्हणायचे. मला ते आवडायचं, पण तसं दाखवत नव्हते.

रुखवतात मी विहिणींची पंगत करायचं ठरवलं. वरपक्षाच्या पाच बायका ओळीनं बसलेल्या, समोर केळीची पानं, पानांवर पुरणपोळी, वरणभात, सगळं. विहिणींची थट्टा करायची मुभा वधूपक्षाला लग्नातच काय ती मिळते, पुढे आयुष्यभर तोंड मिटूनच बसायचं असतं. त्यामुळे मी काही हात आखडता घेतला नव्हता. सातारच्या आत्याबाईंचं पोट, धाकट्या जाऊबाईंचा तोंडाला लावलेला मोबाईल, सगळं जसंच्या तसं उतरवलं होतं. मधल्या मानाच्या जागेवर कोण, हा प्रश्न होता. रीतीनं ती जागा नवरदेवाच्या आत्याची. मी मावशीला विचारलं तर ती चटकन म्हणाली, "माईंची." आणि मग जरा थांबून, "नाक व्यवस्थित कर."

तर ते नाक मी व्यवस्थित केलं होतं.

आता माई न कळवता, एकट्या, एसटीनं, हातात कापडी पिशवी घेऊन आमच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "विहिणी केल्यात म्हणे. बघायच्यात मला." लग्न तोंडावर आलेलं. याआधी त्या आमच्याकडे एकदाही आल्या नव्हत्या. बैठकीच्या वेळी त्यांचा गुडघा धरला होता, साडीखरेदीच्या वेळी मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. दोन्ही कारणं खरी असतीलही, पण आमच्या घरात कुणाला ती खरी वाटत नव्हती. मावशीला तर मुळीच नाही.

आदल्याच दिवशी ती माझ्याजवळ बसून हिरवी माती मळून देत होती. मळता मळता म्हणाली, "रेवू, दिनकररावांचं मला कळलंय. माईंचं कळलेलं नाही. त्यांच्या लेकीची जागा रिकामी पडली म्हणून बदली माणूस आणतायत, असं त्यांना वाटत असेल तर मी त्या घरात जायची नाही. सकाळ-संध्याकाळ त्यांच्याच समोर असणार आहे मी. रोज कुणाच्या तरी बदली ड्युटीवर असल्यासारखं मला नाही जगता येणार."

"मग विचार त्यांना."

"असं विचारतात का कुणी? त्यांनी आपण होऊन सांगायला हवं. अक्षता पडायच्या आधी सांगितलं तर बरं, नाहीतर माझी खिडकी आहेच."

ती हे हसत म्हणाली, पण माती इतकी मळली की तिचा नुसता चिखल झाला. मावशी बोलल्याप्रमाणे करणारी बाई होती. साखरपुड्यानंतर लग्न मोडायची तिला लाज वाटली नसती, आणि ते आठवून मला रात्री नीट झोप लागली नव्हती.

तर अशा वेळी माई येऊन बसल्या होत्या आणि मावशी अजून ड्युटीवरून यायची होती.

"मीठ कुठाय?" माईंनी पुढची चौकशी सुरू केली. प्लायवूडच्या पाटावर मी पानं चिकटवून ठेवली होती, त्यांवर त्या ओणवल्या होत्या. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, उजव्याचं व्हायचं होतं, म्हणून एक डोळा मिटून बघत होत्या.

"आहे की. वरती, तो पांढरा ठिपका."

"आत्याबाईंच्या पानावर नाहीये."

नव्हतं खरंच. मी सुईच्या टोकावर पांढरी माती घेतली आणि मुकाट्यानं मीठ वाढलं.

"आणि चटणी उजवीकडे वाढलीस. चटणी डावीकडे असते. डावी बाजू कशाला म्हणतात मग?"

"हे पान चुकून उलटं चिकटलंय."

"वा. म्हणजे तुझ्याकडच्या पंगतीत माणसानं उठून पलीकडून जेवायचं." मग आईकडे वळून, "पोरगी गुणी आहे हो. पण पंगतीत वाढायला पाठवत चला जरा."

आई कसनुशी हसली. मला मात्र मजा यायला लागली होती. थट्टा मी करायची, अशी माझी समजूत होती आणि इथे विहीणच माझी उडवत होती. मी ब्लेड घेतलं, माईंच्या बाहुलीचं नाक छाटलं आणि नव्या मातीचं नाजूक नाक बसवायला लागले. माई माझ्या खांद्यावरून बघत होत्या.

"अजून थोडं कमी. हां. लग्नात माझं असंच होतं."

एवढ्यात फाटक वाजलं आणि मावशी आत आली. चपला काढता काढता तिला खुर्चीतल्या माई दिसल्या आणि ती एक चप्पल पायात तशीच ठेवून उभी राहिली. फोटोत पाहिलेलं माणूस समोर होतं. मग तिनं पुढे होऊन वाकून नमस्कार केला. माईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण आशीर्वाद पुटपुटल्यासारखाच दिला आणि लगेच माझ्याकडे वळल्या.

"मी काय म्हणते मुली, माझ्या उजव्या अंगाला जागा आहे बघ. तिथं आणखी एक बाई बसव. मी सांगते तशी करायची."

ही बाई कोण, ते विचारायची कुणालाच गरज वाटली नाही. आईनं माझ्याकडे पाहिलं, मी मावशीकडे. मावशीच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. हजार माणसांच्या हजार प्रश्नांना उत्तरं देऊन तयार झालेला तो चेहरा, तो सहजासहजी फुटत नसे.

"कर ना रेवू," ती म्हणाली. "माई सांगतायत तर कर."

आणि ती पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेली. मी रंग आणायच्या निमित्तानं मागोमाग गेले. ती माठापाशी रिकामं भांडं धरून उभी होती.

"बघितलंस ना," ती हळू आवाजात म्हणाली. "जागा भरलेली आहे."

"मी नाही करणार. सांगते, माती संपली."

"खोटं बोलू नकोस. त्यांची मुलगी होती ती. त्यांना ती शेजारी हवीशी वाटणार नाही तर कुणाला वाटणार? माझा त्यांच्यावर राग नाहीये." तिनं भांडं पालथं घातलं. "फक्त मग मी तिथं जायचं नाही. आज रात्री दिनकररावांना फोन करेन."

मला रागही आला आणि रडूही आलं. इतक्या वर्षांनी या बाईच्या कपाटात एक भरजरी शालू येऊन पडला होता, आणि तो एका बाहुलीपायी परत जायचा होता. ती बाहुलीही मीच करायची होती. तरी मी बाहेर आले, टेबलाशी बसले आणि माती मळायला घेतली. मावशी येऊन दाराला टेकून उभी राहिली. जे काही व्हायचं ते बघायचंच असं तिनं ठरवलेलं दिसत होतं.

"हां, सांगा माई. साडी कुठली?"

"कुठलीही. सुती. पदराला पिन लावलेली, चापूनचोपून."

मी मोरपंखी घेतली.

"अंगानं?"

"बारीकच. खांदे ताठ. मान जरा पुढं काढलेली असते, कासवासारखी."

स्वतःच्या लेकीला कासव म्हणणारी आई मी पहिल्यांदा पाहत होते, पण मान पुढे काढली.

"केस?"

"अंबाडा. एका बाजूला ओघळलेला. विंचरायला वेळ मिळत नाही वाटतं. चष्मा कर. आणि तो नाकावर खाली आणून ठेव, वरती बसतच नाही तो."

चष्म्याला मी तांब्याची तार वळवली. काम छान चाललं होतं आणि माझी मलाच चीड येत होती, कारण इतकी जिवंत बाहुली मी त्या पाच जणींतली एकही केली नव्हती.

"हातात?"

"डाव्या हातात घड्याळ. तबकडी आतल्या बाजूला."

"आणि पाय कसे? मांडी घालू का एक पाय मुडपून?"

माई अडल्या. "कमरेखालचं मला ठाऊक नाही बाई," त्या म्हणाल्या. "तुझं तू ठरव."

मी मान वर केली. स्वतःच्या पोटच्या पोरीचं कमरेखालचं ठाऊक नाही म्हणजे काय, हे माझ्या डोक्यात शिरेना. माई मात्र पुढचं सांगून मोकळ्या झाल्या होत्या.

"आणि अंबाड्यात पेन्सिल खोच. लाल."

माझे हात थांबले. अंबाड्यात लाल पेन्सिल खोचून दिवसभर हिंडणारी, आणि मग तीच पेन्सिल घरभर शोधणारी एकच बाई मला माहीत होती. ती दाराला टेकून, मान पुढे काढून, नाकावर घसरलेल्या चष्म्यातून बाहुलीकडे बघत होती. तिच्या अजून लक्षात आलेलं नव्हतं. आईच्या आलं. तिनं पदर तोंडाला लावला.

"मावशी," मी म्हटलं, "डोक्याला हात लाव."

तिनं लावला. पेन्सिल हातात आली. तिनं त्या पेन्सिलीकडे पाहिलं, मग बाहुलीकडे, मग माईंकडे.

"अगं, अशी काय बघतेस," माई म्हणाल्या. "डोळे दाखवायला कराडलाच येत होते मी. परतीची गाडी येईपर्यंत बसायला तुझ्या खिडकीसमोरचा बाक बरा होता. खिडकीतून जेवढी दिसलीस तेवढी सांगितली. खालची कशी सांगणार?"

"काळा चष्मा लावलेल्या आजी," मावशी सावकाश म्हणाली. "उंब्रज गाडी किती वाजता, म्हणून विचारायच्या. एकाच दिवशी चार वेळा."

"पाच वेळा. बघत होते कधी चिडतेस ते."

"चिडले होते मी."

"कुठं चिडलीस? पाचव्यांदा म्हणालीस, आजी, इथंच बसा, गाडी लागली की मी हाक मारते. आणि मारलीस. माइकवरून. सगळ्या स्टँडला कळलं, काळ्या चष्म्याची आजी उंब्रजला निघाली म्हणून. लाजेनं मेले मी."

मावशीला हसू फुटलं. तोंडावर हात धरूनही ते आवरेना. मग ती एकदम खाली बसली, जमिनीवरच, एवढी मोठी बाई.

"बैठकीला का नाही आलात?" तिनं विचारलं.

"काय म्हणून येणार होते? नवरदेवाची आई नाही, मावशी नाही. पहिल्या बायकोची आई लग्नाच्या बैठकीत बसलेली कधी पाहिलीस? लोकांनी बोट दाखवलं असतं." माईंनी पाटावरच्या आपल्या जागेकडे पाहिलं. "आज आले ते एवढ्यासाठीच. विहिणींची पंगत करतायत असं दिनकर म्हणाला. म्हटलं, बघू तरी त्यात मला धरलंय का. आत्याबाई मध्ये असतील आणि मी नसेनच, अशा हिशोबानं आले होते. तर मी मधोमध. नाकासकट."

अशा वेळी माणसं कामाला लागतात. मी मावशीची बाहुली आणि नवं नाक लावलेल्या माई, दोघींना ट्रेमध्ये शेजारी शेजारी बसवून ओव्हनमध्ये सरकवलं, बटण एकशेतीसवर ठेवलं आणि हात धुवायला गेले. आई पोहे करायला उठली. बाहेरच्या खोलीत दोघींचं काहीतरी बारीक आवाजात चाललं होतं. मी मुद्दामच हात जरा जास्त वेळ धुतले.

परत आले तर करपल्याचा वास.

ओव्हनचं बटण दोनशे वीसवर होतं. मी धावत जाऊन दार उघडलं आणि खिडक्या सताड उघडल्या.

"कुणी हात लावला याला?"

"मीच," माई म्हणाल्या. "एवढ्याशा आचेवर शंकरपाळेसुद्धा व्हायचे नाहीत. माझी गाडी आहे सव्वापाचला."

मावशीचं मोरपंखी लुगडं जरासं गडद झालं होतं, एवढंच. पण माईंचे केस मी पांढऱ्या मातीचे केले होते. पांढरी माती जास्त भाजली की तांबूस होते. ट्रेमध्ये माई बसल्या होत्या चहाच्या रंगाच्या केसांच्या, छोट्या नाकाच्या, चांगल्या वीस वर्षांनी लहान.

आई म्हणाली, "अगंबाई. आता सगळं पुन्हा करावं लागणार."

"मुळीच नाही," माई म्हणाल्या. त्यांनी एक डोळा मिटून स्वतःला नीट पाहून घेतलं. "आत्याबाई माझ्याहून आठ वर्षांनी लहान आहेत. बसू दे त्यांना माझ्या शेजारी अशाच."

बाहुल्या निवल्यावर मी त्यांना पाटावर बसवायला घेतलं. माई मध्ये. त्यांच्या उजवीकडे मावशी. पाच विहिणींत आता सहावी बाई, आणि तीही नवरी. पुढे लग्नात लोकांनी मला विचारून हैराण केलं, की नवरी विहिणींच्या पंगतीत कशी. पण तेव्हा अडचण वेगळीच होती. पानं पाचच होती. मी डबा धुंडाळला. त्यात एक जास्तीचं पान सापडलं. रुसून पानावरून उठून गेलेली विहीण दाखवायची म्हणून गंमतीनं केलेलं, पोळीचा तुकडा मोडलेलं, भात कालवलेलं. मग ती कल्पना मी सोडून दिली होती.

"हे चालेल," मी म्हटलं. "तयार आहे. नाहीतरी कुणाच्या लक्षात येतंय."

पान मी मावशीच्या बाहुलीसमोर धरलं. मावशी त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. मला वाटलं होतं सगळं मिटलं, पण तिच्या मनात ते अजून होतंच.

"माई," ती म्हणाली, "आणि वासंतीताई? त्यांना नाही बसवायचं?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. माईंनी माझ्या हातातून ते पान काढून घेतलं आणि बाजूला ठेवलं.

"ती जेवून उठली गं," त्या म्हणाल्या. "फार लवकर उठली. मी किती वाढायचं ठरवलं होतं." त्यांनी ते पान आणखी लांब सरकवलं. "पण उठली ती उठली. उष्ट्या पानावर दुसऱ्याला बसवायची रीत नाही आपल्यात. आणि तू तिच्या पानावर बसायला येणार असशील तर येऊच नकोस. मुली, हिचं पान नवं कर. चांगलं मोठं. मीठ विसरू नकोस."

मावशीनं डोळे पुसायला चष्मा काढला आणि तो कुठे ठेवावा ते तिला कळेना, म्हणून माईंनीच तो हातातून घेतला. मग मावशी माझ्या शेजारी सरकली, हिरव्या मातीची वडी उचलली आणि स्वतःच मळायला लागली.

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून गेले. उंब्रजची गाडी फलाटावर लागली असणार. ती वेळ घरात सगळ्यात जास्त पाठ मावशीला होती, पण ती काही बोलली नाही.